आमच्यात की आपल्यात

प्रिय बबे,

तू गेल्यापासून घर गप्प आहे. माझ्या पोटात दुखत नाही. खरे सांगायचे तर ते कधी दुखलेच नव्हते.

नेहमीच्या तपासणीतल्या सोनोग्राफीत उजव्या मूत्रपिंडात गाठी दिसल्या, आणि दुसऱ्याच दिवशी तू बॅग घेऊन दारात उभी! सहा वर्षांत प्रथमच राहायला आलीस. माझे मीठ तोडलेस, प्यायचे पाणी मोजलेस, "बाबा, गुपचूप पडून राहा" म्हणून दटावलेस. छापखान्यात चाळीस वर्षे मुद्रिते तपासली. मला दटावण्याची कोणाची छाती झाली नव्हती. मला ते फार आवडले.

पाचव्या दिवशी तू बाजारात गेली असताना मी एकटाच नंतर काढलेल्या सीटी स्कॅनचा अहवाल आणायला गेलो. डॉक्टरबाई हसून म्हणाल्या, "आजोबा, दुर्मीळ चीज बाळगून आहात! पाण्याच्या गाठींचा घोस आहे, पण निरुपद्रवी. पसरत नाही, मुलांत उतरत नाही. मजेत राहा." घरी येऊन मी तुला सांगितले, "गाठीच आहेत. दुर्मीळ प्रकार आहे." दोन्ही वाक्ये निर्दोष होती. मी फक्त एक विशेषण गाळले. ते उच्चारले असते, तर तू लगेच बॅग भरली असतीस.

तू विचारलेस, "बाबा, हे आमच्यात येतं का?" मी म्हणालो, "'आमच्यात' नव्हे, 'आपल्यात'." तू कपाळावर हात मारलास, "धन्य आहात! मरतानाही डॉक्टरांचं व्याकरण तपासाल." प्रश्न टळला म्हणून मी सुखावलो. बबे, तुझाच शब्द अचूक होता. त्यात मी नव्हतोच. तू होतीस, आणि तुझ्यानंतर येणारे कोणी.

परवा निघण्यापूर्वी तू स्वयंपाकघरातून जावईबापूंशी फोनवर बोलत होतीस, "मूल नकोच आपल्याला. जन्मायच्या आधीच त्याच्या गळ्यात हे दुखणं कशाला?" मी दाराआड उभा होतो. तरीही गप्प राहिलो. गाडीत बसताना तू "जपा हं" म्हणालीस आणि मी आजाऱ्यासारखी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

अहवाल सोबत जोडला आहे. त्यावरची तारीख पाहा. तीन आठवडे तो मी शब्दकोशात दडवला होता. तोंडाने सांगण्याचे धैर्य नाही, म्हणून हे पत्र. मूल हवे की नको, ते तुम्ही दोघांनी ठरवा; पण माझ्या लबाडीवर विसंबून ठरवू नका. आधी हा कागद जावईबापूंना दाखव. नंतर फोन कर आणि मनात येईल ते बोल. मी मध्ये बोलणार नाही.

तुझाच,
बाबा