कोळशाचा तुकडा

बावडा, मंगळवार, संध्याकाळ

एकवीस दिवस उलटले, तरी इन्क्युबेटरमधल्या एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नाही. आत कोळशाचा तुकडा दिसला आणि मी सासूबाईंवर ओरडले. गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कोंबडीखाली कोळसा ठेवायची त्यांची जुनी रीत. त्यासाठी झाकण उघडलं, तुम्हीच ऊब घालवली, असं शेजारणीसमोर बोलले.

"व्हय, माझंच चुकलं," एवढंच म्हणाल्या.

मग इन्क्युबेटर पुसायला घेतला, तर खालचा पाण्याचा ट्रे कोरडाठाक; त्या ओलाव्याशिवाय पिल्लू कवच फोडत नाही. इंदापूरला लग्नाला गेले, तेव्हा पाणी घालायचं मीच विसरले. हे मी त्यांना सांगायला नको होतं का? ट्रे गुपचूप भरून ठेवला. कोळसा अजून ओट्यावरच पडलाय.

जेवताना भाकरी वाढत त्या म्हणाल्या, "पुढल्या बारीला मी हात न्हाय लावायची, बाय."

मी होकारानं मान हलवली.