सोमवार नाही, शुक्रवार नाही

शनिवार, ६ सप्टेंबर, मोलम्याइन

म्हातारे ऊ बो थिन आज पुन्हा आले. बोटीवरची नोकरी संपल्यापासून त्यांना सकाळ जात नाही. आमच्या दुकानाच्या बाकावर बसले, आमचा चहा प्यायले, पेपर शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचला — आणि दाढी करायला उठून गेले ते धक्क्यावरच्या न्हाव्याकडे! मी वस्तऱ्याला चामड्याच्या पट्ट्यावर धार लावत होते, तशीच लावत राहिले. जाताना म्हणाले, राग मानू नकोस पोरी, तुझ्या हाताबद्दल काही नाही, पण बाईच्या हाती गळा दिला तर घरात घेणार नाहीत.

बाईचा हात डोक्याला लागला की पुरुषाचं पुण्य उतरतं म्हणे. जन्माला येताना पहिल्यांदा कुणाच्या हाती लागले होते, ते कोण विचारणार?

पावसाच्या सुरुवातीला बाबांचा हात थरथरायला लागला आणि त्यांनी स्वतःहून वस्तरा माझ्याकडे दिला. तोवर मी मागच्या खोलीत बायकांचे केस कापत होते. आता पोरं येतात, सिनेमातल्यासारखे केस मागतात आणि जातात. दुकान चालतं ते म्हाताऱ्यांच्या दाढ्यांवर, आणि म्हातारे फिरकत नाहीत. घरमालकीण दॉ म्या तिन भाड्यासाठी सणापर्यंत थांबते म्हणाली आहे. थडिंजुतची, दिव्यांच्या सणाची, पौर्णिमा झाली की ही पुढची खोली कॅसेटवाल्याला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

गाल काय, कुणीही करेल. खरी परीक्षा गळ्याची. बाबांनी सांगितलेलं लिहून ठेवते, नाहीतर माझं डोकं म्हणजे चाळणी.

फेस लावायच्या आधी बोटं फिरवायची. जबड्याखाली केस खाली जातात, गळ्याच्या तळाशी वर येतात, कानाखाली भोवरा असतो आणि तो ज्याचा त्याचा वेगळा. हे सगळं आधी बोटांना कळलं पाहिजे. "फेस लागला की काही दिसत नाही. वस्तरा तर आंधळाच. डावा हात बघतो, उजवा नुसता त्याच्यामागून जातो." मग गरम पंचा. मग फेस. मान पलीकडे वळवायची, अंगठ्याने कातडी खाली ओढून ताणायची. कंठमण्यावर वस्तरा न्यायचा नाही — कातडीच बाजूला सरकवून सपाटीवर आणायची, गिऱ्हाइकाला आवंढा गिळायला सांगायचं आणि लगेच काम उरकायचं. दाब शून्य. वस्तऱ्याचं वजन पुरतं.

सराव पिकलेल्या पपईवर. पपईला कंठमणी नसतो, असं मी म्हटलं. एरवी हसले असते. आज नुसती दुसरी पपई पुढे केली.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

रात्रभर विचार करून एक युक्ती सुचली. बाबांनी माझ्या खुर्चीत बसायचं! भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ज्याने अख्ख्या बाजाराच्या दाढ्या केल्या त्यानेच आपला गळा मुलीच्या हाती दिला, तर बाकीच्यांचे गळे काय सोन्याचे आहेत?

सकाळीच विचारलं. "आज शुक्रवार," म्हणाले.

खरं आहे. शुक्रवारी केसांना हात लावत नाहीत. घाई माझीच.

सोमवार, १५ सप्टेंबर

आज सोमवार. हेही खरं.

बुधवार, १७ सप्टेंबर

आज त्यांचा जन्मवार. जन्मवारी तर नाहीच नाही. एका आठवड्यात किती वार असतात हे देवाने ठरवताना न्हाव्याचा विचार केलेला नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

आज काही आड येत नव्हतं, म्हणून पुन्हा विचारलं. म्हणाले, पाऊस आहे. पाऊस! मोलम्याइनमध्ये पाऊस नाही असा दिवस या चार महिन्यांत उगवलाय का?

मंगळवार, २३ सप्टेंबर

को लाटला कापलं. माझा मावसभाऊ, फेरीबोटीवर दोर ओढतो, फुकट दाढी म्हणून गळा पणाला लावतो. मी त्याला आवंढा गिळ म्हटलं, त्याने गिळला, आणि मी वस्तरा ठेवायला आणि त्याने कालच्या फुटबॉलबद्दल बोलायला एकच गाठ पडली. बारीकसंच होतं. तुरटी लावली. तो जीव गेल्यासारखा ओरडला, मग आरशात बघून म्हणाला, आता पोरी विचारतील काय झालं म्हणून, बरंच झालं.

बाबा आत चटईवर पडून होते. तिथूनच म्हणाले, "कानाखाली उलटा घेतलास." खरंच घेतला होता. नुसत्या आवाजावरून ओळखलं त्यांनी! सुलटा वस्तरा कागदावर हात फिरवल्यासारखा वाजतो, उलटा वाळू चिरडल्यासारखा. मी आता डोळे मिटून ऐकायला लागले आहे. को लाटला हे सांगितलं नाही.

शनिवार, २७ सप्टेंबर

लोक बाबांबद्दल विचारतात, ऊ चॉ न्येनची दाढी का वाढली? न्हाव्याच्याच घरी न्हावी मिळेना का? बाबांची दाढी म्हणजे काय, हनुवटीवर चार केस आणि गळ्यावर पांढरी खुरटी. पण जो माणूस आजवर वर्ज्य वार सोडून रोज सकाळी स्वतःचा स्वतः तुळतुळीत व्हायचा, त्याचा हा अवतार मलाच बघवत नाही. त्यात उकाड्यातही गळ्याभोवती पंचा गुंडाळलेला. विचारलं तर म्हणे सर्दी.

ऊ बो थिन आज एक पायरी उतरले. मानेची मागची बाजू माझ्याकडून करून घेतली. डोकं पुढे झुकवलं, मी हात जोडून "माफी असावी" म्हटलं — वडीलधाऱ्याच्या डोक्याला हात लावण्याआधी बाबा म्हणायचे तसंच — आणि वरून खाली, कातडी वर ताणून, दोन्ही कानांमागे सरळ रेघ. बोट फिरवून बघितलं त्यांनी. खूश! मग पुढची बाजू करायला धक्क्यावर गेले. मागून माझे, पुढून त्याचे. अशी वाटणी भावाभावांत होते म्हणतात.

बुधवार, १ ऑक्टोबर

विचारलंच नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

भांडले. वाईट भांडले.

कॅसेटवाला येऊन खोलीची मापं घेऊन गेला. कपाट कुठे, गल्ला कुठे, हे माझ्यादेखत ठरवत होता. तो गेल्यावर मी आत गेले आणि सगळं बाहेर पडलं. वस्तरा दिलात, पट्टा दिलात, खुर्ची दिलीत, मग गळा द्यायला काय होतंय? ऊ बो थिन परके, त्यांना बायकोचं भय. तुम्हाला कसलं? "तुम्हालाही माझ्या हाताचा विटाळच होतो, तेवढं एकदा तोंडाने म्हणा."

भात पुढे होता, तो सरकवला. त्यांच्यासाठी म्हणून चण्याची भजी चुरून कोशिंबीर केली होती, आवडते म्हणून. तिला शिवलेही नाहीत. हल्ली पेजेवरच असतात. चघळायचं पानसुद्धा सोडलं! एवढ्या वर्षांचं पान, आणि सोडलं ते माझ्यावरच्या रागाने. हट्ट करावा तर या माणसाने.

मी पण पेज करून ठेवली आणि बोलले नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

अबोला. कोशिंबीर को लाटने त्याच रात्री संपवली होती.

सोमवार, १३ ऑक्टोबर

दॉ म्या तिन देवळात जाताना थांबली. वाईट वाटतंय म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं, म्हणून मला भांडताही आलं नाही. बाबांनी आतून सगळं ऐकलं असणार. संध्याकाळी बघते तर वस्तरा पट्ट्यावर लावत बसले होते. हात थरथरत होता, पण लावत होते. मी विचारलं नाही कुणासाठी.

बुधवार, १५ ऑक्टोबर

उद्या पौर्णिमा. सणाला घरोघरची मुलं पाया पडायला येणार, म्हणून आज प्रत्येक म्हाताऱ्याला दाढी हवी. आमचा बाक भरलेला — आणि सगळे धक्क्यावर नंबर लावून इथे नुसते चहाला बसलेले.

बाबा आतून आले. बाकासमोरून चालत खुर्चीपर्यंत गेले आणि बसले.

मी म्हटलं, "बाबा, आज बुधवार."

"माहीत आहे. आता वार बघून काय करायचंय?"

बाकावरचा पेपर खाली आला. ऊ बो थिन उठूनच उभे राहिले — जन्मवारी! मी हात जोडले, माफी असावी म्हटलं. बाबांनी गळ्यावरचा पंचा स्वतः सोडला आणि रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गळा आधी बोटांनी बघ. मग फेस."

बघितला. गरम पंचा, फेस. उजवी बाजू सुलटी, मग कंठमणी — कातडी सरकवली, त्यांनी आवंढा गिळला, त्याला जरा वेळ लागला, मी थांबले. मग डावी. एक थेंब रक्त नाही. तुरटी ओलीसुद्धा करावी लागली नाही. त्यांनी उठून बाकाकडे तोंड केलं, हनुवटी वर केली आणि सगळ्यांना गळा दाखवला. मग पंचा पुन्हा गुंडाळून आत गेले.

ऊ बो थिन बसले. मागून, पुढून, सगळे माझे! त्यांच्यामागून बाकावरचे एकेक. अंधार पडेपर्यंत पाठ टेकली नाही. दॉ म्या तिननी रस्त्यावरून बघितलं आणि कॅसेटवाल्याला निरोप पाठवला, दुसरी खोली बघ.

जिंकले. एवढंच लिहिते आज. डाव्या बाजूचं उद्या.

गुरुवार, १६ ऑक्टोबर, पौर्णिमा

डावी बाजू.

जबड्याखाली, कानाच्या खालच्या भोवऱ्याजवळ, बोटांना गाठ लागली. सुपारीएवढी, कठीण, ढकलली तरी न हलणारी. म्हणून पंचा. म्हणून पेज. पान माझ्यावरच्या रागाने सोडलं नव्हतं. बोटांनी बघायला मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ती बोटं गळ्याला लागली की मला कळणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

मी आरशात बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. अगदी हळू म्हणाले, "हात थांबवू नकोस. लोक बघताहेत."

मी नाही थांबवला.