भिंतीवरचा सातवा दिवा

वारलू काकाले न् वच्छला काकूले करिष्माचा दोन्ही हात जोडून सेवा जोहार.

काकू, तुमी सातवी पास हाव म्हनून वाचाचं काम तुमच्यावर टाकलं. काकाले मोठ्यानं वाचून दाखवा, पन कंसातलं तेवढं मनातच वाचा. (म्हनजे हे असं. पाहा, जमते.) काकाचा गुडघा कसा हाये? तांबडी गाय व्याली का? तुमच्याकडच्या धानाले पानी पुरलं का? इकडं सप्पा बरं हाये. तुमची सोमारी बी बरी हाये. (तेवढी बरी नाई काकू, पन ते मंग सांगते.)

काकाले वाटन, या पोरीले फोन करता येत नाई का. येते जी. पन फोनवर माह्या तोंडून 'हो' न् 'नाई' या दोनच गोष्टी निघतात, न् त्याबी चुकीच्या जागी. आश्रमशाळेत बी तसंच होतं. मास्तर उभं करे धडा वाचायले न् आवाज घशातच बसून राहे. सोमारी मांगून धडा वाचे न् मी नुसतं तोंड हलवो. नववीत सोमारीची तुकडी बदलली न् माही शाळा सुटली. काका सायकलवर शाळेत येत, पिशवीत जंगलातली पिकली टेंभरं आनत न् दोघींले सारखी मोजून देत, ते माह्या ध्यानात हाये. आता मी पेंटर हाये. भिंतीचं बरं असते, ते उलटून काई विचारत नाई. पयलं काम बी काकानंच देल्लं, बैलाच्या खासराच्या पाटीवर सोमारीचं नाव. 'मा' बाकीच्या अक्षरांपेक्षा मोठा झाला, तं काका म्हनले, "जाऊ दे, दुरून वाचता येईन."

तेव्हापासून कामं येऊन राह्यली. सप्पाच चांगली झाली असं नाई. आलापल्लीच्या रस्त्यावर एका ढाबेवाल्यानं वाघ काढायले सांगतला. म्हने, जंगलाचा रस्ता हाये, गिऱ्हाइकाले खरा नाई तं भिंतीवरचा तरी वाघ दिसला पाह्यजे. मी तीन दिवस काढला. चौथ्या दिवशी एक ट्रकवाला उतरून मालकाले विचारून राह्यला, "तुमची गाय आजारी हाये का?" मी शिडीवरच होती. मी म्हनायले पाह्यजे होतं का भाऊ, हा वाघ हाये. तो गेल्यावर चित्राखाली मोठ्या अक्षरात 'वाघ' लिहिलं. (काकू, माही सवय तुमच्या ध्यानात येऊन राह्यली असन. चूक होते, मी गप राह्यते, न् मंग भिंतीवर कायतरी करते.)

आता मुद्द्यावर येते. काकू, इथी जरा पानी पेऊन घ्या, न् काकाले बाजेवर बसवा. उभ्यानं ऐकाची गोठ नाई हे.

सोमारीचं लगन ठरलं आमच्या गावात, देवराव आजोबाच्या नातवासंगं, प्रफुलसंगं. भिंत रंगवाचं काम माह्याकडं आलं. सोमारीचं नाव माह्या हातानं तिच्या सासरच्या भिंतीवर लिहाचं, याच्याहून मोठं काम मले अजून मिळालं नवतं. पांढरी माती मारली, केळीचे दोन खांब काढले, मधात दोघांचे नावं लिहिले. नावाच्या बाजूनं आमच्या गावात देवाचे दिवे काढतात, ज्या घराचे जितके देव तितके दिवे. प्रफुलकडचे सात. तुमच्याकडचे सहा. मले मालूम होतं जी. माही आई सहा देवाच्या घरची, बाप सात देवाच्या घरचा, माह्याच घरात दोन्ही आकडे एका चुलीवर जेवतात. सात न् सात म्हनजे भाऊभाऊ, न् भावाभावात सोयरीक होत नाई, हे मले चालायले शिकली तेव्हापासून मालूम हाये.

पन मी त्या वेळेस एक नवी युक्ती शिकली होती. बाबाचा पाय मोडला तेव्हाचा एक्स-रे घरी पडून होता. त्याच्यात नडगीच्या हाडावरून ब्लेडनं सात दिवे कापले. तो भिंतीवर धरायचा, बोळ्यानं रंग थापायचा, दिवे तयार. मोबाईलवर पाह्यलं होतं, छाप पलटवला का दुसऱ्या बाजूचं चित्र बरोबर तसंच्या तसं उमटते. तं मी पलटवला. इकडं सात, तिकडं सात. मांगं सरकून पाह्यलं तं भिंत अशी तोलात दिसत होती का मी सोताचीच पाठ थोपटली. मोजलं नाई. (काकू, खरं सांगू का? एकदा मोजलं होतं. सात आले. वाटलं, सात म्हनजे बरोबर, छापच साताचा हाये ना.)

तुमी सप्पा जन ट्रॅक्टरनं आले न् शिवेवरच्या मोहाच्या झाडाखाली थांबले, का इकडून वाजा येईन न् तुमाले आत घेईन. वाजा आला नाई. तुमी दोन घंटे बसले. काऊन, ते तुमाले आजवर कोनी सांगतलं नाई. झालं असं का प्रफुलचा काका दसरू मांडवात बसून सुपारी फोडत होता, त्याचं ध्यान भिंतीवर गेलं. त्यानं बोट लावून मोजलं. मंग ओरडला, "ओ आजा, सोयरीकीच्या वेळेस सहा सांगतले होते, आता सात कसे झाले? वाटेत एक देव वाढला का यांचा?" देवराव आजोबाले दुरून कमी दिसते. त्यानं जवळ जाऊन भिंतीले नाक लावून मोजलं. नाकाले रंग लागला. कोनी हासलं नाई.

मंग तुमाले एकट्याले बोलावलं काका. मांडवाच्या कडेले उभं केलं. तीन म्हातारे पंच बाजेवर बसले न् विचारू लागले, तुमचे देव कोनते, त्या देवाचं पेन-ठानं कुठी हाये, भाऊबंद कोन, आज्याले माती कुठी देल्ली. तुमी एकेक सांगत गेले. दसरू मधात म्हनला, "पोरगी खपवाले मानूस कायबी सांगते." तुमी त्याच्याकडं पाह्यलं बी नाई, पंचाकडं पाहून शेवटचं नाव सांगतलं. तेव्हा मी दहा हातावर होती. शिडीवर. केळीचं एक पान रंगवत होती. ते पान झालं होतं, तरी रंगवत होती. एक शब्द लागत होता जी, "मी चुकली", न् तुमाले मानानं बसवलं असतं. माह्या तोंडातून तो निघाला नाई. ते पान भिंतीवरचं सप्पायत जाड पान हाये, हाताएवढा थर बसला असन, कोनी बी येऊन पाहावं.

शेवटी प्रफुलची आजी बायनाबाई घरातून शेनाचा बोळा घेऊन आली. म्हातारे अजून बोलतच होते. आजीनं तिकडचा एक दिवा फरकन पुसला न् म्हनली, "झाले सहा. पोरगी उन्हात बसून हाये तिकडं, लाज वाटू द्या." वाजा निघाला. लगन लागलं. पन तुमी जेवले नाई. आपले मानसं ट्रॅक्टरमध्ये बसवले न् गेले, न् त्या दिवसापासून आमच्या गावात पाय ठेवला नाई. तुमाले वाटते देवराव आजोबानं मुद्दाम सात काढायले लावले, चार लोकांत तुमचा पानउतारा कराले. आजोबाले वाटते तुमच्याकडच्या कोनीतरी मले सात सांगतले. मले कोनीच काई सांगतलं नवतं. बाबाच्या एक्स-रेनं सांगतलं.

मी आजोबाले सांगायले चार खेप गेली. पयल्या खेपेले तो म्हनला, "ये पोरी, काम मांगाले आली का?" न् माह्या तोंडून 'हो' निघालं. त्याच्या न्हानीच्या दारावर हरिन काढून आली. दुसऱ्या खेपेले गोठ्यावर मोर. तिसऱ्या खेपेले पान्याच्या टाकीवर दोन पोपट. चौथ्या खेपेले म्हातारा म्हनला, "बाई, आता जागा नाई राह्यली." तेव्हा तरी सांगायले पाह्यजे होतं. मी म्हनली, कुंपन रिकामं हाये.

सोमारी मले पाहून आता मान फिरवते. ते रागात नाई, ते वेगळ्याच चिंतेत हाये. नवं धान खान्याचा सन आला. पयल्या साली बापानं येऊन पोरीले नेल्याबिगर ते माहेरी जाऊ शकत नाई, न् बाप येऊन नाई राह्यला. तिच्यासंगं लगन झालेल्या दोघी माहेरी गेल्या बी. सासूनं विचारलं तं सांगते, बाबाचा गुडघा दुखते. (म्हनून मी वरतं गुडघ्याचं विचारलं, काकू. दुखत नसन तं देवाची किरपा.) परवा हापशीवर मी तिले खरं सांगतलं. दिव्याचं, एक्स-रेचं, शिडीचं, सप्पा. तिनं घागर भरू देल्ली. मंग म्हनली, "माह्या बापाले उभं केलं न् तू पान रंगवत होती?" मी 'हो' म्हनली. त्या खेपेले 'हो' बरोबर जागी निघालं.

काका, माफी मांगाचं तोंड नाई मले, न् जे हाये ते चालत नाई, हे तुमाले मालूमच हाये. मोठ्यांच्या पाया पडते, लहान्यांले मया. चुकलंमाकलं पोटात घाला असं लिहितात, पन हे पोटात घालाएवढं लहान नाई.

तुमची,
करिष्मा पेंटर

ता. क. सन शनवारी हाये. सोमारीले न्यायले या. बाकी सप्पा पत्र याच्याचसाठी लिहिलं.

आनखीन एक ता. क. तुमी आले का देवराव आजोबाच्या आंगनात, पंचासमोर, दसरू असतानी, मी सोताच्या तोंडानं सांगीन. मोठ्यानं. सोमारी मांगून बोलनार नाई म्हने. मी बकऱ्यांसमोर म्हनून पाह्यलं, तिसऱ्या खेपेले आवाज निघाला.

(काकू, हे कंसात हाये, पन हे मोठ्यानं वाचा. मी लगेच गावी परत जानार नाई, हे शेवटचं तुमच्या कुडाच्या मांगं बसूनच लिहून राह्यली. पत्र तुमच्या हाती देईन न् पळीन, ते पळून परत या कुडाच्या मांगंपर्यंतच पोचीन. हे वाचून होईपर्यंत इथीच बसून राहीन. सोमारी म्हनली होती का पत्र देऊ नको, तोंडानं सांग, म्हनून पयले तोंडानंच सांगायले आली होती, पन दारातूनच मांगं फिरली. काकानं आवाज देल्ला तं आत येते. नाई देल्ला तं पाचच्या एसटीनं जाते, न् उद्या सकाळच्या एसटीनं परत येते. शनवार येईपर्यंत चार एसट्या हायेत.)