घोड्याचा स्क्रू

॥ श्री ॥
मुक्काम मलकापूर, तालुका कऱ्हाड
आश्विन वद्य षष्ठी, शके १८६८

रा. रा. आकारामराव, मुक्काम विटे, यांस नाथाजीकडून. आशीर्वाद म्हणावा तर तुम्ही पलटणीतले हवालदार, रामराम म्हणावा तर वयाने मी बारा वर्षांनी मोठा. तेव्हा दोन्ही पाठवतो, हवे ते ठेवून घ्यावे. इकडे सर्व खुशाल आहे. म्हैस व्याली, ऊस डोक्याइतका झाला, तुमच्या बहिणीचा गुडघा मात्र थंडीच्या आधीच कुरकुरू लागला आहे. तुमच्या पाठीचे दुखणे कसे आहे ते कळवावे. (वर्षभरात एकाही पत्राला उत्तर नाही, तरी विचारणे माझ्याकडे लागले.)

पत्रास कारण बंदूक. मामांनी, म्हणजे तुमच्या आबांनी, जाताना ती बारीक नळीची बंदूक माझ्या हवाली केली, ती तुम्ही लढाईवर होता म्हणून. दुसरे कारण नव्हते. मी माळकरी; कावळ्यालाही खडा न मारणारा माणूस बंदुकीचे काय करणार? पण परत आल्यावर, बापाने जावयाला जवळचे मानले, हे तुम्ही मनात धरले आणि गेल्या भाऊबीजेला आला नाहीत. तुमच्या बहिणीने, शालूबाईने, तुमचे ताट सांजवातीपर्यंत झाकून ठेवले होते. म्हणून यंदा ठरवले, की बंदूक नीट करून तुमची तुम्हाला द्यावी.

मी तिची हयगय केली असे मात्र समजू नये. उलट सहा वर्षे दर खंडेनवमीला यथासांग पूजा केली. पाटावर उभी करून हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. आणि वरवरच्या पूजेने माझे समाधान होत नसल्यामुळे नळीच्या तोंडात पळीभर पंचामृत. (आतपर्यंत पोचावे, हा हेतू.) यंदा पूजेला घेतली तर ती बिजागरीपाशी मोडून उघडेना, आणि नळीतून मुंग्यांची रांग शिस्तीत बाहेर आली. शेजारी जोतीराम म्हणून पेन्शनीत आलेले हवालदार आहेत, त्यांना दाखवली. त्यांनी नळीला डोळा लावून बराच वेळ पाहिले, मग बंदूक हळूच माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘‘आवं अण्णा, हत्याराचा देव केलाय तुमी. ह्याला आता काडतूस न्हाई, निवद लागंल.’’

मग मीच कामाला लागलो. नळीत जोंधळ्याचे धाट घातले, ते मोडून आत राहिले. ते काढायला छत्रीची काडी घातली, तेव्हा धाट निघाले आणि त्यामागून सहा वर्षांच्या अक्षता, दगड झालेल्या. झेंडूची एक पाकळी अजून पिवळी होती. ते सारे तुळशीत घातले, कारण ते निर्माल्यच. बाहेरचा गंज चिंचेने घासला (आमचे देव चिंचेनेच उजळतात), तर सकाळी लोखंड शेंदूर फासल्यासारखे तांबडे. जोतीरामांनी कपाळाला हात लावला, आणि आधी रॉकेल, मग राख, मग गोडे तेल असा क्रम लावून दिला. रॉकेल रेशनचे, त्यामुळे चार दिवस आम्ही दिवस मावळायच्या आत जेवलो. लाकडी दस्त्याला जवसाचे तेल चोळताना मामांच्या अंगठ्याने झिजलेली जागा हाताला लागली. माझा अंगठा ठेवून पाहिला, तो तिथे बसेना. त्यांचा रुंद होता. तुमचाही तसाच आहे.

जोतीराम परवा विट्याकडे निघणार होते. म्हणाले, बंदूक मीच पोचवतो, परवान्याचे कागद मागाहून करा, पाव्हण्यांना, म्हणजे तुम्हाला, हेलपाटा नको. मलाही ते सोयीचे वाटले. शालूबाई शेजारीच तांदूळ निवडत होती. दुसऱ्या दिवशी बंदूक जोडायला बसलो, तर घोडा बसवायचा स्क्रू नाही. साफ करताना सुटे केलेले अकरा तुकडे गोणपाटावर मांडले होते, भरले दहा. राख चाळली, चूल उकरली, शेवटी संशय कोंबड्यांवर गेला. दोन दिवस चारही कोंबड्या डालग्याखाली घालून, त्यांच्या पोटातून काय पडते ते पाहत बसलो. (या वयात, गळ्यात माळ असताना.) शालूबाई जातायेता एवढेच म्हणे, ‘‘गावंल की, घाई कशाची?’’ जोतीराम रिकाम्या हातांनी गेले.

तेव्हा विनंती अशी, की तुमच्या विट्यात सोन्याचे बारीक काम करणारे पुष्कळ. कुणाकडून तरी तसा स्क्रू करून घ्यावा आणि टपालाने पाठवावा. भोकात मेण भरून घेतलेला ठसा सोबत आहे. स्क्रू येताच बंदूक कुणाबरोबर तरी पोचती करतो. बापाची वस्तू तुमच्या घरी जाईल, आणि देवाच्या मनात असेल तर तुमचे मनही आमच्याकडे वळेल.

घरातल्या मोठ्यांपुढे माझ्या वतीने वाकावे, लहानांशी गोड बोलावे. उत्तर आले नाही तरी आमचा लोभ आहे तसाच आहे.

तुमचा
नाथाजी

ता. क. : पत्र पाकिटात घालण्याआधी शालूबाईला वाचून दाखवले. कोंबड्यांपाशी ती हसू लागली, मग हसता हसता डोळे पुसले, आणि उठून कुंकवाचा करंडा आणून माझ्यापुढे उघडला. स्क्रू त्यात. मी विचारले, मग मला दोन दिवस डालग्यापाशी का बसवले? म्हणाली, बंदूक जोतीरामाबरोबर गेली असती तर भाऊ कशाला आला असता? सबब वरची विनंती रद्द समजावी. (कोंबड्या सोडल्या.)

आणखी ता. क. : पुढचे तिचे शब्द, जसे सांगितले तसे लिहितो. ‘‘आकारामा, आबांनी बंदूक कुणाला बी दिली आसंल. इस्क्रू माज्यापाशी हाय. ओवाळल्याबिगर मिळायचा न्हाई, आन् टपालानं तर न्हाईच न्हाई.’’