श्वेता नावाची कुणी नाही

१२ सप्टेंबर १९९९, रविवार

शी! माझा भाऊ चेतन आणि त्याचा दोस्त वाल्मिक — हसून हसून लोळत होते मेले. बाबांनी लूमवर रात्रपाळ्या करून चेतनला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. दिवटे शिकले काय? सायबर कॅफेत बसून मुलगी व्हायला! नाव घेतलं श्वेता. बारडोलीच्या कुणा प्रज्ञेशशी महिनाभर गुलूगुलू गप्पा, आणि आज त्याला सुरत स्टेशनवर बोलावलं.

तो आला. नवा शर्ट, हातात पेढ्यांचा बॉक्स. हे दोघं चहावाल्याच्या हातगाडीमागे लपलेले.

चेतन सांगत होता, "ऊन उतरेपर्यंत उभा होता, ताई! येणाऱ्या प्रत्येक मुलीकडे बघायचा!"

बाबाही हसले. मी ताट सरकवून उठले.

१४ सप्टेंबर

म्हटलं, त्या मुलाला खरं सांग, माफी माग. तर म्हणे, "तुला नेट समजत नाही. तिथे सगळेच खोटे असतात."

मोठा आला शहाणा! समोर माणूस दिसत नाही म्हणजे त्याला दुखतही नाही — एवढीच यांची विद्या.

१८ सप्टेंबर

प्रज्ञेशने श्वेताला पुन्हा लिहिलंय. वाल्मिक दारात उभा राहून दात काढत सांगत होता — "तू बरी आहेस ना? काळजी वाटते."

तोही बावळटच. एखादी शिवी तरी हासडायची!

२१ सप्टेंबर

चेतन आजही कॅफेत. मी साड्यांना टिकल्या लावून डोळे फोडते, नवाबाचे डोळे स्क्रीनवर. आई ताट झाकून बसलेली. "जेवाले तरी ये म्हना त्याले." घरात आला तरी कुणाशी शब्द नाही.

२३ सप्टेंबर

वाल्मिक म्हणाला, "मी तर कंटाळून सोडलं. तो एकटाच जातो."

म्हणजे एकट्याने छळायला जास्त मजा येते! उद्या मीच जाते. त्या मुलाला खरं काय ते सांगून टाकते.

२४ सप्टेंबर

गेले. मी मागे उभी राहिले तरी चेतनला कळलं नाही. श्वेता लिहीत होती — मी क्लासमध्ये नापास झालेय. बाबांना सांगायची हिंमत नाही. घरी जावंसंच वाटत नाही.

प्रज्ञेशने लिहिलं, "मी आहे ना."

चेतनचे गाल ओले होते. मला बघून त्याने माझा हात घट्ट धरला.

"त्याला सांगू नकोस, ताई. मला दुसरं कुणी नाही."