एकटाच भिजलेला चतुर

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, वखारीत साठा-तपासनीस, येत्या सोमवारी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होण्यापूर्वी हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. झोप नाही, पण ती कायद्याने आवश्यक नाही.

१. राहते घर व सर्व ठेवी पत्नीस. माझ्या निम्म्या पहाटा तळ्याकाठी पालथे पडून गेल्या. तिने कपड्यांवरचा चिखल धुतला आणि "किड्यांना माझा नमस्कार सांगा" यापलीकडे तक्रार केली नाही.

२. ट्रायपॉड मेहुण्यास देऊ नये. तो मागेल. त्याने त्यावर ओले टॉवेल वाळत घातले होते आणि वर विचारले होते, "भावोजी, नाहीतरी रिकामाच उभा होता ना?"

३. कॅमेरा, लेन्सा, ट्रायपॉड व तळ्यावरील कीटक-पक्ष्यांची ३१२ छायाचित्रे कन्येस. ती प्राणिशास्त्र शिकवते. तळे बुजवण्याविरुद्धच्या तिच्या अर्जावर गुरुवारी सुनावणी आहे. तीत ती ही छायाचित्रे पुरावा म्हणून मांडणार आहे. प्रत्येकामागे तारीख, वेळ व जागा माझ्या अक्षरात आहे.

४. पैकी क्रमांक १४७, निळा चतुर (आमच्या भागात दुर्मीळ कीटक), यामागील नोंद खोटी आहे. कन्या शाळेत असताना रोज विचारी, "बाबा, आपल्या तळ्यावर निळा चतुर कधी येणार?" चार वर्षे तो आला नाही. अखेर साठ किलोमीटरवरच्या ओढ्यातून मी तो डब्यात घालून आणला, हालचाल मंदावावी म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला ("अहो, दुधाशेजारी काय फडफडतंय?" – पत्नी) आणि सकाळी तळ्यावरच्या लव्हाळ्यावर बसवून टिपला. मागे लिहिले: "तळे, ६ वाजून १२ मिनिटे." वेळ तेवढी खरी आहे. त्या चित्रापायी मुलगी प्राणिशास्त्राकडे वळली, आणि आता तिच्या अर्जाचा मुख्य आधार तेच आहे. वखारीत पोत्यावरची एक चिठ्ठी खोटी निघाली तर मी सबंध थप्पी उतरवायला लावतो. समोरचा वकीलही तेच करील. सबब १४७ पुराव्यातून काढावे.

५. माझे पक्ष्यांवरील सर्व ग्रंथ घड्याळजीस. चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानाचा हा मालक तळ्यावरचा माझा एकमेव सोबती होता. १४७ पाहून तो म्हणाला होता, "पंखांवर दव आहे, पात्यावर टिपूस नाही. तुझा चतुर एकटाच भिजला होय रे?" मी उत्तरलो, "तू काटे फिरव. जिवंत वस्तूंतलं तुला काय कळतं?" त्यानंतर अकरा वर्षे मी त्या दुकानाची पायरी चढलो नाही. माझे बोलणे मागे घेतो.

येथवर लिहून साक्षीसाठी घड्याळजीस बोलावले. तो आला. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, हे मी त्यास सांगितले. त्याने वाचलाच.

"छान," तो म्हणाला. "आणि जगलास तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे हा कागद कपाटात. तू दवाखान्यात पाय पसरून, आणि गुरुवारी पोरगी तो भिजलेला चतुर घेऊन सगळ्यांपुढे उभी. मेल्याशिवाय खरं बोलायचं नाही असा नेम आहे का तुझा?"

सर्व शक्यता तपासणे हे माझे काम. मी जगण्याची शक्यता धरली नव्हती. की ती मला सोयीची नव्हती, हे मी सांगू शकत नाही.

सबब कलम ४ माझ्या मृत्यूवर अवलंबून राहणार नाही. कन्येस फोन केला. ती आली. कलम मी तिला मोठ्याने वाचून दाखवले. पत्नी दारात उभी होती.

कन्येने कागद माझ्या हातून घेऊन ते कलम स्वतः वाचले. मग म्हणाली, "दुसरं कुठलं चित्र असं आहे?"

"नाही."

"नक्की, बाबा? मला तिथे एकटीला उभं राहायचंय."

"नक्की."

"मग तसं लिहून द्या. आणि हेही लिहा की हे तुम्ही मला आज सांगितलंत. आज. मी शाळेत असताना नाही."

लिहून देतो: मी हे तिला आज सांगितले. उरलेली तीनशे अकरा खरी आहेत.

हे मृत्युपत्र पूर्ण वाचून, कोणाच्याही दडपणाविना सही केली. घड्याळजीचे दडपण वगळता.

सही: (साठा-तपासनीस)

साक्षीदार १: घड्याळजी. मजकूर वाचून सही केली.
साक्षीदार २: शेजारचे डॉक्टर. न वाचता.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: ९ नोव्हेंबर, शनिवार, सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटे