पहिला मान शालूच्या ट्रॅक्टरला

मी, मल्हारराव सटवाजी शिंगाडे, वय ७४, धंदा शेती व भाषण, राहणार शिंगाडे वस्ती, दौलताबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके शाबूत आहे आणि कोणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव आणू पाहणारे अजूनही सभेतून मागच्या बाजूने निघून जातात. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. मिळकत सारी स्वकष्टाची आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेवी पत्नी बानाबाई हिला. माझी भाषणे तिने भाकरी थापता थापता ऐकली आणि जिथे वाहवलो तिथे "आता बास" म्हणाली. तिच्याइतका जाणता श्रोता मला मिळाला नाही.

२. पडेगावचा फ्लॅट मुलगा आदिनाथ याला. तो बिडकीनला कंपनीत आहे. शेतीत त्याचा जीव नाही, हा काही गुन्हा नव्हे. मात्र कलम ५ पाहावे.

३. पेरूची बाग आणि लहान हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर मुलगी शालू हिला, पूर्ण मालकीने. बाग तीच करते. दोन ओळींमधून ट्रॅक्टर नेते, पण फांदीला धक्का लागत नाही. या ट्रॅक्टरला क्लच दाबून गिअर बदलणे नाही. एक पेडल दाबले की पुढे, दुसरे दाबले की मागे, पाय उचलला की उभा.

४. हे कलम सावकाश वाचावे, भांडण इथेच होणार आहे. वस्तीच्या पोळ्यात तोरणाखालून पहिले जाण्याचा मान आमच्या घराचा. बैल गेल्यापासून ट्रॅक्टर जातो. यंदा शालू त्याला झूल घालून वेशीत आली, तर माझा चुलतभाऊ कचरू आडवा झाला.

"शालू, उतर खाली. मान बाप्याचा असतो."

"मग तात्या, तुम्हीच व्हा की बैल."

लोक हसले, तरी तिला उतरवून आदिनाथला बसवलेच. त्याला सवय मोठ्या ट्रॅक्टरची. डावा पाय क्लच शोधत राहिला, उजवा पेडलवरून निघेना.

"दादा, क्लच नाय त्याला. पाय उचल."

त्याने उचलला, पण तोवर तोरणाचा खांब आडवा झाला होता आणि कचरूचा फेटा आंब्याच्या पानांत. संध्याकाळी कचरू पारावर सांगत होता, "बाईचा हात लागला, म्हणून इघ्न आलं." खांब पाडला पुरुषाने आणि दोष बाईचा. असल्या तर्काशी मी जन्मभर लढलो. मेलो म्हणून माघार घेणार नाही.

५. सबब, दर पोळ्याला ट्रॅक्टर शालूच चालवील. आदिनाथने पुढे पायी चालावे. तिच्या जागी बसण्याचा हट्ट धरल्यास फ्लॅटही शालूचा.

६. सत्कारांत मिळालेल्या सर्व शाली कचरूला. त्याला आजवर एकही मिळालेली नाही.

७. पुन्हा कोणी अडवल्यास शालूने वाद घालू नये. ते काम माझे होते. ट्रॅक्टर तोरणाच्या बरोबर खाली न्यावा, हळू-जलद वेग ठरवणारी रेंजची दांडी गुंतलेली ठेवून इंजिन बंद करावे, हँडब्रेक ओढावा, चावी कनवटीला खोचून घरी यावे. अशा स्थितीत हा ट्रॅक्टर ढकलून हलत नाही. मागची सारी मिरवणूक तिथेच थांबेल. चावी मागायला कचरू येईल. त्याला चहा द्यावा. चावी देऊ नये. "चल, पोरी, पहिली तू," एवढे त्याच्या तोंडून आले, की शालूने उठावे.

व्यवस्थापक : ॲड. मंजुषा सोलनकर

सही : मल्हारराव सटवाजी शिंगाडे

आम्हा दोघांसमक्ष त्यांनी हे मोठ्याने वाचून सही केली :
१. राजकुमार मदने
२. डॉ. तनुजा कोळेकर

दौलताबाद, २ सप्टेंबर २०२५